कोर्नारोचे बारा औंस

चाळिशी उलटल्यावर प्रकृती ढासळली, तर आहारविहार सुधारून ती सावरावी, हा उपदेश आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाने तो केला आहे आणि गीतेतील युक्ताहाराचा आदर्शही आपल्या परिचयाचा आहे. परंतु स्वतःच्या देहाचीच साक्ष काढून, ‘आम्ही मरणाच्या दारात होतो, अमुक सोडले आणि जगलो’, असे सांगणारी जुनी पुस्तके थोडी. त्यांतील एक १५५८ साली इटलीतील पादुआ येथे छापले गेले. त्याचा विषय मिताहार, आणि कर्ता लुइजी कोर्नारो. वेनिसच्या बोलीत त्याचे नाव अल्विझे.

कोर्नारो हा कोणी वैद्य नव्हे की विरक्त साधूही नव्हे. तो चांगला सधन जमीनदार होता. पाणथळ जमिनी कोरड्या करून लागवडीस आणण्याचा त्यास मोठा नाद; त्यावरून वेनिसच्या जलअभियंत्यांशी त्याचे वादही झाले. रुझान्ते या नाटककाराचा तो आश्रयदाता, आणि फाल्कोनेत्तो या वास्तुशिल्पज्ञाकडून त्याने आपल्या पादुआच्या वाड्यात बांधून घेतलेली १५२४ ची लॉजिया अद्याप उभी आहे. तारुण्यात त्याने खाण्यापिण्याची चैन मनसोक्त केली. तिचे फळ पस्तिशीपासून दिसू लागले: पोटशूळ, संधिवाताची सुरुवात, अंगात मुरलेला बारीक ताप आणि न भागणारी तहान. औषधे थकली तेव्हा वैद्यांनी निर्वाणीचे सांगितले की, आता आहार आवरणे हाच एक उपाय. त्यासही काही महिने उशीर झाला, तर तोही चालावयाचा नाही.

त्याने ऐकले. येथपर्यंतची कथा कोणाही रोग्याची असू शकेल. पुढे त्याने केले ते मात्र आम्हांस खरोखर विलक्षण वाटते. जिभेस जे रुचते ते पोटास पचते, अशी त्या काळी म्हण होती. ती खरी की खोटी, हे त्याने स्वतःवर एकेक पदार्थ ताडून पाहिले. खरबूज, कच्ची फळे, डुकराचे मांस, पक्वान्ने, सारी जिभेस गोड आणि पोटास वैरी ठरली. ती त्याने वर्ज्य केली. वर्षभरात दुखणी गेली. मग दिवसाचे माप ठरले: भाकरी, अंड्याचा बलक, थोडे मांस व सार मिळून बारा औंस अन्न, आणि चौदा औंस द्राक्षासव. त्या काळी औंसाचे माप गावोगाव निराळे असे. ठोकळमानाने अन्न तीनशे-साडेतीनशे ग्रॅम धरण्यास हरकत नाही. अतिश्रम, जागरण, कडक ऊन व थंडी आणि मनाचा संताप हेही त्याने टाळले.

या पुस्तकातील एक प्रसंग आपल्या घरांतून वाचून दाखवावा असा आहे. म्हातारपणी त्याचे आप्त व वैद्य त्याच्या मागे लागले की, एवढ्याशा अन्नावर या वयात कसा निभाव लागणार? आग्रह मोडवेना, म्हणून त्याने अन्न बाराचे चौदा औंस केले आणि आसव चौदाचे सोळा. दहा-बारा दिवसांत स्वभाव चिडचिडा झाला, कुशीत कळ उठली आणि पुढे पस्तीस दिवस ताप हटला नाही. जुने माप पुन्हा धरले तेव्हा कोठे तो उठला. पंक्तीत ‘आणखी एकच जिलेबी’ म्हणून हात धरणारे यजमान केवळ आपल्याच देशात असतात असे नव्हे!

आता इतिहासाच्या अभ्यासकास अडविणारा भाग येतो. पहिल्या निबंधात कोर्नारो आपले वय त्र्याऐंशी सांगतो व शेवटच्यात पंच्याण्णव. परंतु पहिला निबंध छापला गेला १५५८ साली आणि गृहस्थ वारला १५६६ साली. आठ वर्षांत बारा वर्षे वाढण्याची किमया मिताहारासही साधणारी नाही. पहिला निबंध छपाईच्या बराच आधी लिहिला असेल, असे म्हणून एखादा वकील त्याची बाजू सावरील. पण जुन्या दप्तरांचा शोध घेणाऱ्या विद्वानांनी त्याचे जन्मवर्ष १४८४ च्या सुमाराचे ठरविले आहे. म्हणजे मरणसमयी तो ब्याऐंशीच्या आसपास होता. पुढील चरित्रकारांनी तर त्यास शंभरीही ओलांडावयास लावली.

मग सारेच पुस्तक खोटे मानावयाचे काय? आमच्या मते, नाही. वय फुगविले ते मताच्या जाहिरातीसाठी, हे उघड आहे आणि ते निंद्यही आहे. पण चाळिशीत खंगलेला मनुष्य सोळाव्या शतकात ऐंशीपलीकडे जातो व अखेरपर्यंत लिहितो, ही गोष्ट फुगवट्यावाचूनही थोडी नव्हे. आम्हांस अधिक खटकतात ते त्याचे भक्त. १६१३ साली लेसियस या जेझुइट पंडिताने हे पुस्तक लॅटिनात नेले, १६३४ साली जॉर्ज हर्बर्ट या कवीचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि तेव्हापासून बारा औंस हा जणू मंत्रच होऊन बसला. खुद्द कोर्नारो सांगतो की, हे माप आपल्या पोटाचे; ज्याची प्रकृती सशक्त त्याने अधिक खावे, प्रत्येकाने आपले माप शोधावे. नीट्शेने १८८९ च्या ग्रंथात त्यावर तोफ डागली ती याच जागी. हा मनुष्य कमी खाल्ल्यामुळे दीर्घायुषी झाला नाही; त्याची पचनक्रियाच मंद, म्हणून त्यास कमी खावे लागले, आणि त्याने कार्यासच कारण मानले, असा त्याचा आक्षेप. आक्षेप तीक्ष्ण आहे. परंतु चाळिशीपूर्वीचा भरपेट खाणारा, दुखणाईत कोर्नारो त्याने हिशेबात धरलेला दिसत नाही.

विज्ञानाचा निर्णयही अद्याप एकमुखी नाही. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात मॅके यांनी पोषणात उणेपणा न आणता उंदरांचे अन्न घटविले, तेव्हा ते अधिक जगले. माकडांवरील दोन प्रदीर्घ प्रयोगांपैकी विस्कॉन्सिनच्या प्रयोगाने २००९ साली लाभ दाखविला, तर अमेरिकन सरकारच्या वार्धक्यसंशोधन संस्थेच्या प्रयोगास २०१२ साली आयुष्य वाढल्याचे आढळले नाही.

या सगळ्या वजनमापाच्या चर्चेत कोर्नारोचे पाय मात्र विसरले गेले. म्हातारपणी आपण आधारावाचून घोड्यावर बसतो, जिने आणि टेकड्या पायी चढतो, हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. याचे औंस त्याने मोजले नाहीत, म्हणून वाचकांनीही मोजले नाहीत. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तपासणी प्रसिद्ध केली, तीत दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांस बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. कोर्नारोच्या टेकड्यांकडे पुन्हा पाहावेसे वाटते ते यामुळे.

तिंतोरेत्तोने काढलेले त्याचे चित्र फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. त्यात तो खुर्चीवर बसला आहे. चेहरा म्हाताऱ्याचा खरा. पण तो पंचाहत्तरीचा की नव्वदीचा, हे चित्राकडे कितीही वेळ पाहिले तरी ठरत नाही.