सायकलचा बीबी लवकर का झिजतो? थोडा इतिहास, थोडी देखभाल



इथल्या सायकलवाल्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. तीन हजार डॉलरची फ्रेम, आणि बीबी मात्र वर्षभरात गेला! बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. पायडलच्या दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर बसतात तो एक्सल, त्याच्या दोन बाजूंचे छर्रे आणि वाट्या, असा सगळा संसार फ्रेमच्या तळाच्या नळीत असतो. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात अशा गावात मी रोज सायकलने ऑफिसला जातो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या खिशाचाही आहे. दुकानात उत्तर मिळतं, "बेअरिंग खराब निघालं." इतिहास पाहिला तर दोष बहुतेक वेळा बेअरिंगचा नसतो, त्याला दिलेल्या जागेचा असतो.

सुरुवातीच्या सायकलींत पायडल पुढच्या चाकालाच जोडलेलं असे. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. १८८५ च्या सुमारास कोव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांच्या रोव्हर सायकलने साखळीने मागचं चाक फिरवायची रचना रूढ केली आणि पायडल फ्रेमच्या तळाशी आलं. म्हणजे चिखल, पाणी आणि माणसाचा सगळा जोर जिथे एकत्र येतात, नेमकं तिथे!

पुढे इंग्लंडमध्ये बीएसए (मूळची बंदुका बनवणारी कंपनी बरं का) हिच्या मापाचे आटे चालू झाले. व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. यात एक गंमत आहे. उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. पायडल मारताना भार वाटीच्या कडेने फिरतो आणि किंचित सैल असलेली वाटी एक्सलच्या विरुद्ध दिशेने हळूहळू सरकते. आटे उलटे असले की ती सुटण्याऐवजी घट्ट होते. इटलीच्या मापात दोन्हीकडे सुलटे आटे असतात, म्हणून तिथली उजवी वाटी सैल होण्यासाठी प्रसिद्ध आहे. सैल वाटी म्हणजे छर्रे तिरके चालणार, आणि झीज सुरू.

आपल्या काळ्या सायकलींतही हीच वाटी-छर्ऱ्यांची पद्धत, वर कॉटर पिनने ठोकलेल्या क्रँक. प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ११ छर्रे. त्या सायकली "टिकायच्या" असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे त्या टिकवल्या जायच्या. पावसाळा संपला की ओव्हरऑइलिंग, मग दसऱ्याला धुऊन-पुसून हार. सायकलवाला वाट्या उघडून रॉकेलने धुवायचा, छर्रे बदलायचा, नवीन ग्रीस भरून पान्याने आवळून द्यायचा. पाणी आत जायचंच, पण वर्षातून एकदा बाहेरही काढलं जायचं.

यानंतरचा इतिहास मात्र वेगळ्या दिशेने गेला. १९३० च्या दशकात फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटने कॉटरऐवजी चौकोनी, निमुळत्या टोकाचा एक्सल आणला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या फिल वुड यांनी सीलबंद बेअरिंग लोकप्रिय केलं, आणि १९९० च्या दशकात शिमानोचे सीलबंद कार्ट्रिज सगळीकडे पोचले. उघडायचं नाही, गेलं की फेकायचं. तरीही हे कार्ट्रिज चांगले टिकत, कारण बारीक एक्सलमुळे छर्ऱ्यांना जागा भरपूर होती.

गडबड झाली ती एक्सल जाड करण्याच्या नादात. जाड पोकळ एक्सल हलका आणि ताठ असतो, हे इंजिनिअरिंगच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण नळी जुन्याच मापाची ठेवून आतला एक्सल जाड केला, तर जागा कोणाची जाणार? छर्ऱ्यांची! २००० च्या आसपास आलेल्या आयसिस पद्धतीत नेमकं हेच झालं, आणि ते बीबी लवकर जाण्यासाठी बदनाम झाले. बेअरिंगचं आयुष्य त्याच्या क्षमतेच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. क्षमता २० टक्के कमी झाली की आयुष्य जवळजवळ निम्मं. त्यात बारीक छर्ऱ्यांना गंजाचा छोटा खड्डाही मोठा पडतो.

२००३ च्या सुमारास शिमानोने उपाय काढला. बेअरिंग नळीच्या बाहेर बसवायचं. छर्ऱ्यांना जागा मिळाली, पण आता नळीच्या दोन्ही कडा एकमेकींना तंतोतंत समांतर हव्यात. रंगाचा थर राहिला किंवा कड तिरकी कापली गेली, तर दोन बेअरिंग एका रेषेत येत नाहीत.

मग कॅननडेलने २००० मध्ये आणलेल्या बीबी३० ची पद्धत पसरली. ३० मिलिमीटरचा एक्सल, आटेच नाहीत, बेअरिंग सरळ नळीत दाबून बसवायचं. नंतर इतरांनी प्लॅस्टिकच्या वाट्या दाबायला सुरुवात केली. कारखान्याला हे सोपं आणि हलकं. पण कार्बनच्या साच्यात भोक किंचित वाकडं किंवा मोठं निघालं, तर ते सावरायला आटे नाहीत. परिणाम तुम्हाला माहीतच आहे, चढावर करकर आवाज :-)

शेवटी वर्तुळ पूर्ण झालं. २०१५ च्या सुमारास ४७ मिलिमीटरची मोठी, पण आट्यांची नळी आली (टी४७). २०१९ मध्ये ट्रेकने डोमानेवर तीच घेतली, आणि २०२० मध्ये स्पेशलाइज्डने टारमॅक एसएल७ पुन्हा साध्या इंग्लिश आट्यांवर आणली.

आता कामाच्या गोष्टी.

१. प्रेशर वॉशरचा फवारा बीबीवर कधीच मारू नका. सील पावसासाठी असतं, त्या जोरासाठी नाही.

२. बरंचसं पाणी वरून, सीटच्या नळीतून उतरतं. नळीच्या तळाला भोक असेल तर ते मोकळं ठेवा. जोराच्या पावसानंतर सीटपोस्ट काढून सायकल रात्रभर सुकू द्या.

३. बेअरिंग बाहेर असलेल्या प्रकारात नवीन बीबी बसवण्याआधी नळीच्या कडा समांतर कापून घ्यायला सांगा. याला फेसिंग म्हणतात. आट्यांना ग्रीस लावा.

४. याच प्रकारात डाव्या क्रँकची प्लॅस्टिकची टोपी फक्त खेळ जाईल इतकीच फिरवा. ती जोराने आवळली की बेअरिंग बाजूने दाबलं जातं.

५. महिन्यातून एकदा साखळी उतरवून क्रँक हाताने फिरवा आणि आडवी हलवून पाहा. खरखर लागली किंवा खेळ जाणवला तर लगेच बघा. अशी सायकल तशीच चालवली तर वाटीबरोबर फ्रेमही खराब होऊ शकते, आणि खरा खर्च तो आहे.

६. मीठ टाकणाऱ्या गावात असाल तर हिवाळा संपल्यावर एकदा सगळं उघडून साफ करा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर करायचे, इथे बर्फानंतर.

आणि पुढची सायकल घेताना गिअर किती, वजन किती यांच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: तळाची नळी आट्यांची आहे का?