कोंड्याचे मोल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान आणि आग्नेय आशिया या भात खाणाऱ्या प्रदेशांत एका व्याधीने कहर मांडला होता. तिचे नाव बेरीबेरी. आरंभी रोग्याच्या पायांना मुंग्या येत, तळव्यांची संवेदना बोथट होई. पुढे पोटऱ्या दुखू लागत, पाऊल उचलेनासे होई आणि हातांतली शक्ती जाई. काहींच्या अंगावर सूज चढे आणि हृदय थकून मृत्यू ओढवे. सैनिक, खलाशी, कैदी आणि मजूर, म्हणजे ज्यांना एकाच मुदपाकखान्यातले अन्न महिनोन्महिने खावे लागे, त्यांच्यावर तिचा विशेष रोख असे. हा रोग मज्जातंतूंचा आहे एवढे वैद्यांना उमगले होते. तो कशामुळे होतो, हे मात्र कोणालाही सांगता येत नव्हते.

तो काळ जंतुशास्त्राच्या विजययात्रेचा होता. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखविला आणि लागोपाठ पटकीचाही. साहजिकच प्रत्येक रोगामागे एखादा जंतू असलाच पाहिजे, अशी विद्वानांची खात्री झाली. याच खात्रीने डच सरकारने १८८६ साली पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन शास्त्रज्ञांना जावा बेटावर धाडले. त्यांच्या मदतीस ख्रिस्तियान आइकमान नावाचा तरुण लष्करी डॉक्टर होता. वरिष्ठ मायदेशी परतले. आइकमान मात्र बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयातील प्रयोगशाळेत जंतूचा माग काढीत राहिला.

१८८९ साली त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या. त्यांचे पाय लटपटत, माना वळत आणि त्या आडव्या पडत. हुबेहूब बेरीबेरीचेच ते चित्र होते. परंतु जंतूचा पत्ता लागण्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या अखेरीस, उरलेल्या कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या! चौकशीअंती उलगडा झाला तो असा. मध्यंतरी काही महिने या कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना घालावयास नव्या स्वयंपाक्याने साफ नकार दिला, आणि त्यांना पुन्हा असडी तांदूळ मिळू लागला. एका स्वयंपाक्याच्या काटकसरीने विज्ञानाला वाट दाखविली.

हीच गोष्ट माणसांच्या बाबतीत खरी आहे काय? जावातील आरोग्य अधिकारी फोर्डरमान यांनी १८९५ नंतर तेथील शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी केली. जेथे पांढरा, सडलेला तांदूळ मिळे, तेथे सरासरी ३९ कैद्यांमागे एकास बेरीबेरी होई. जेथे असडी तांदूळ मिळे, तेथे हे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक इतके अल्प होते. तरीही आइकमानला वाटले की पिठूळ अन्नातून विष निपजते आणि कोंडा त्यावर उतारा ठरतो. कारण हाती आले, पण त्याचा अर्थ निसटला! कोंड्यात मज्जातंतूंच्या पोषणाला अत्यावश्यक असे काहीतरी आहे आणि त्याच्या अभावानेच रोग होतो, हे त्याचे उत्तराधिकारी ग्राइन्स यांनी १९०१ साली प्रथम स्पष्टपणे मांडले. जंतू भिंगाखाली दिसतो. जे ताटात नाही, ते दिसावे कसे? विलंबाचे खरे कारण हेच होते.

या विलंबाची किंमत सर्वाधिक मोजली ती जपानने. १८८२-८३ साली ‘र्‍यूजो’ या शिकाऊ युद्धनौकेवरील ३७६ लोकांपैकी १६९ जण बेरीबेरीने आजारी पडले आणि २५ दगावले. लंडनमध्ये शिकून आलेले नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ साली दुसरी नौका त्याच मार्गाने पाठविली. तीवर मांस, दूध, धान्य अशा मिश्र आहाराची व्यवस्था केली. या सफरीत एकही खलाशी बेरीबेरीने मेला नाही. ताकाकींची उपपत्ती चुकीची होती. अन्नात प्रथिने कमी पडतात, असे ते मानीत. उपाय मात्र अचूक होता, आणि सातूमिश्रित भात देऊन नौदलाने हा रोग जवळजवळ हद्दपार केला. परंतु भूदलाचे विद्वान वैद्य जंतूची वाट पाहात बसले. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात दोन लाखांहून अधिक जपानी सैनिकांना बेरीबेरी झाली आणि सुमारे २७ हजार प्राणांस मुकले.

मुळात हा रोग एवढा बळावला तो वाफेच्या भातगिरण्यांमुळे. उखळात मुसळाने कांडलेल्या तांदळावर थोडा तरी कोंडा राहतो. गिरणीने तो पार घासून काढला. कोकण-गोव्यात आणि तामिळ प्रदेशात रूढ असलेल्या उकड्या तांदळाचे रहस्यही येथेच आहे. भात सालीसकट उकडताना कोंड्यातील सत्त्व दाण्यात मुरते आणि पुढे तो सडला तरी बरेचसे टिकते. मलायात उकडा तांदूळ खाणारे तामिळ मजूर धडधाकट राहात आणि पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर आजारी पडत, हे तेथील डॉक्टरांनी नोंदविले आहे.

या अदृश्य सत्त्वाला १९१२ साली काझिमिर फुंक याने ‘व्हिटामिन’ हे नाव दिले. १९२६ साली बटाव्हियातच यान्सन आणि दोनाथ यांनी कोंड्यातून त्याचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. त्याची रासायनिक घडण १९३६ साली उलगडली आणि ते कृत्रिम रीतीने सिद्ध केले ते रॉबर्ट विल्यम्स यांनी. त्यांचा जन्म आपल्याच देशातील नेल्लोरचा. ‘ब-१’ किंवा थायामिन म्हणतात ते हेच. पेशींत साखरेचे ज्वलन होऊन शक्ती मिळण्यास ते लागते, आणि मज्जातंतू तर मुख्यतः साखरेवरच जगतात. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत सरतो.

आज ब-गटाच्या गोळ्या सर्वत्र मिळतात. जेथे उणीव आहे, तेथे त्या संजीवनी ठरतात. अतिमद्यपानाने खंगलेल्यास ब-१, तर दूधदुभतेही वर्ज्य करणाऱ्या शाकाहाऱ्यास ब-१२ यांचा विसर पडून चालत नाही. परंतु उणीव नसता भाराभर गोळ्या घेणे हिताचे नाही. ब-६ हे जीवनसत्त्व दररोज काही ग्रॅम घेणाऱ्यांचेच मज्जातंतू बधिर झाल्याचे १९८३ साली अमेरिकन डॉक्टरांनी दाखविले. अभावाने जे घडते, तेच अतिरेकानेही घडू शकते.

आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तो इतका आजारी होता की समारंभास जाऊ शकला नाही. ज्याला लोक कोंडा म्हणून टाकून देत होते, त्यात हजारोंचे प्राण होते, ही जाणीव त्याच्या कोंबड्यांपासून सुरू झाली. ताटातील भात किती शुभ्र आहे, यापेक्षा तो शुभ्र करताना काय गमावले, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा आहे.