‘तू’, ‘उस्तेद’ आणि ‘बोस’

स्पॅनिशच्या पहिल्याच धड्यात मराठी विद्यार्थ्याला ओळखीचा एक शब्द भेटतो : ‘तू’. अर्थही तोच, कारण दोन्ही भाषांचे मूळ घराणे एक. ‘कोमो एस्तास?’ म्हणजे ‘तू कसा आहेस?’ लगेच आदरार्थी ‘उस्तेद’ येते आणि क्रियापद बदलते : ‘कोमो एस्ता उस्तेद?’ समोरच्याशी बोलायचे, पण क्रियापद मात्र ‘तो’ किंवा ‘ती’चे! नियम म्हणून हे पाठ करावे लागते. इतिहास पाहिला तर आपसूक उलगडते. ‘उस्तेद’ हे ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनाचे झिजलेले रूप. कृपा तृतीयपुरुषी, म्हणून क्रियापदही तृतीयपुरुषी.

त्याआधी आदरासाठी ‘बोस’ होते. आपल्या ‘तुम्ही’सारखे, मुळात अनेकवचनी. ते इतके सर्रास झाले की त्यातला मान उतरला आणि ‘बुएस्त्रा मेर्सेद’ची गरज भासली. स्पेनमध्ये ‘बोस’ हळूहळू मावळले. मेक्सिको व लिमा येथील व्हाइसरॉयच्या दरबारांचा स्पेनशी निकटचा संबंध होता. तेथे ‘तू’ रुजले. दूरच्या रिओ दे ला प्लाताच्या प्रदेशात आणि मध्य अमेरिकेत मात्र ‘बोस’ टिकले, तेही आदरासाठी नव्हे, जवळिकीसाठी.

हे सारे घडले ते व्याकरणकारांच्या इच्छेविरुद्ध. १४९२ मध्ये आंतोनिओ दे नेब्रिहाने कास्तिलियन भाषेचे व्याकरण इसाबेल राणीला अर्पण केले. भाषा ही साम्राज्याची सोबतीण असते, असे त्याने प्रस्तावनेत म्हटले. भाषेला स्थिर रूप द्यावे, हा त्याचा हेतू. पाचवा भाग तर खास परभाषकांसाठी. पुढे १८४७ मध्ये आंद्रेस बेयोने अमेरिकेतील स्पॅनिशभाषकांसाठी स्वतंत्र व्याकरण लिहिले. परंतु ‘बोस’ त्यालाही अशिष्टच वाटले. अर्जेंटिनाच्या शाळांतही दीर्घकाळ हीच दृष्टी होती : ‘तुझ्याकडे आहे’ यासाठी घरी ‘बोस तेनेस’, वहीत ‘तू तिएनेस’. हूलिओ कोर्तासारच्या ‘रायुएला’ (१९६३) या कादंबरीतली पात्रे ‘बोस’च म्हणतात. तेथील साहित्य अकादमीने मात्र या रूपाला मान्यता दिली ती १९८२ मध्ये. साहित्य आधी पोहोचले, व्याकरण मागाहून.

आम्ही मराठीचे अध्यापक हा इतिहास परका म्हणून वाचू शकत नाही. नागपूरकडच्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ‘मी वाचून राहिलो’ दिसले की आमचे लाल पेन विचार न करता चालते. प्रमाणभाषा शिकवावीच लागते, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु ‘हे येथे चालत नाही’ आणि ‘हे चूक आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. अर्जेंटिनातल्या मुलांना त्यांतले दुसरेच दीर्घकाळ ऐकावे लागले. आमच्या वर्गात आम्ही कोणते उच्चारतो?