दोन टाचणांची गोष्ट : विशेष शाळेपासून समावेशित वर्गापर्यंतचा सराव पाठ

शिक्षक होऊ पाहणाऱ्याला प्रत्यक्ष वर्गासमोर उभे करून अनुभवी अध्यापकाच्या देखरेखीखाली शिकवायला लावण्याच्या प्रथेला महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांत ‘सराव पाठ’ म्हणतात आणि तो घेणाऱ्याला ‘छात्राध्यापक’. दिव्यांग व इतर मुले एकत्र शिकतात अशा समावेशित वर्गातील सराव पाठाचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती अशी की मुलांना एका वर्गात आणण्याचे धोरण आधी ठरले, परंतु त्यांना शिकवणाऱ्यांची तयारी त्यानंतरही दीर्घकाळ दोन वेगळ्या वाटांनीच होत राहिली.

यांपैकी पहिली वाट विशेष शाळांची होती. मुंबईत बिशप मिउरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, अमृतसरला ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत तसेच कार्य सुरू केले. कोलकात्याच्या मूकबधिर विद्यालयाचे जामिनीनाथ बॅनर्जी यांना अशा मुलांना शिकवण्याची विद्या शिकण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेला जावे लागले, यावरून देशात त्या काळी तिच्या प्रशिक्षणाची सोय किती अपुरी होती हे कळते. ही विद्या पुस्तकापेक्षा हाताने शिकायची होती. ब्रेल पाटीवर टोचणीने ठिपके उमटवताना कागद मागच्या बाजूने टोचला जातो, त्यामुळे लिहिणे उजवीकडून डावीकडे, तर कागद उलटल्यावर वाचणे डावीकडून उजवीकडे होते. प्रत्येक अक्षर उलटे लिहिण्याची ही सवय नवख्या शिक्षकाच्या बोटांत सरावानेच मुरते.

दुसरी वाट सर्वसाधारण शाळांची होती. मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले, पुढे बी.टी. आणि नंतर बी.एड. ही पदवी रूढ झाली, आणि सराव पाठाला ‘पाठ टाचण’ या लेखी आराखड्याची शिस्त आली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी बसवलेल्या, पाठाचे पाच टप्पे सांगणाऱ्या ‘पंचपदी’चा या टाचणावर दीर्घकाळ प्रभाव राहिला. टाचणाच्या एका रकान्यात ‘शिक्षक कृती’, शेजारी ‘विद्यार्थी कृती’ आणि कडेला ‘फलक लेखन’ अशी मांडणी असे. ‘विद्यार्थी कृती’ या एकाच रकान्यात सगळा वर्ग सामावे, म्हणजेच वर्गातील सर्व मुले सारखेच ऐकतात, सारखेच पाहतात आणि साधारण एकाच वेळी उत्तरे देतात, असे त्यात न सांगता गृहीत धरलेले असे. विशेष शाळेतील छात्राध्यापकाच्या हाती मात्र ‘वैयक्तिक शिक्षण आराखडा’ आला, ज्यात एकाच मुलाची आजची पातळी, पुढची उद्दिष्टे आणि त्यांसाठीच्या पायऱ्या नोंदलेल्या असतात. विशेष शिक्षकांचे प्रशिक्षणही दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार विभागलेले राहिले. १९८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रासाठी होती, तर १९८४ ची सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था बौद्धिक अक्षमतेच्या.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) दिव्यांग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळेत आणण्याची शिफारस केली होती, आणि १९७४ च्या अपंग एकात्म शिक्षण योजनेने तिला सरकारी आधार दिला. ‘एकात्म’ शिक्षणात शाळा आहे तशीच राहते आणि मुलाने तिच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते, तर ‘समावेशित’ शिक्षणात जुळवून घेण्याची जबाबदारी शाळेकडे येते. युनिसेफच्या साहाय्याने १९८७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात एक संपूर्ण विकास गट हा घटक मानून शिक्षकांची तयारी तीन स्तरांवर केली गेली : सर्वांना अल्प मुदतीचे, निवडकांना सहा आठवड्यांचे आणि त्यांतील थोड्यांना वर्षभराचे प्रशिक्षण. परंतु हे सर्व सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी होते. छात्राध्यापकाची सराव शाळा त्यामुळे बदलली नाही.

उलट, कायद्याने दोन वाटांना दोन दारे दिली. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने विशेष शिक्षकांसाठी नोंदणी सक्तीची केली व नोंदणीविना काम करणे दंडनीय ठरवले, तर सर्वसाधारण शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियमन १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे गेले. लगेच पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, स्पेनमधील सालामांका येथील परिषदेत ९२ देशांच्या सरकारांनी समावेशित शाळेचा पुरस्कार केला, हा योगायोग लक्षणीय आहे.

या दोन दारांमधील अंतर २०१४–१५ च्या सुमारास काहीसे कमी झाले. बी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यात वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा काळ, आली आणि समावेशित शाळा हा अभ्यासाचा विषय ठरला. तर विशेष शिक्षणाच्या बी.एड.मध्ये विशेष शाळांबरोबर समावेशित शाळेतील कामही बंधनकारक झाले. अशा समावेशित वर्गात अपूर्णांकांचा पाठ घेणाऱ्याला जुन्या सवयी मोडाव्या लागतात. फळ्याकडे तोंड करून बोलल्यास ओठांवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिर मुलीला ते वाक्य समजत नाही. ‘हे एवढे यातून वजा’ असे म्हटल्यास अंध मुलाला काहीच कळत नाही, म्हणून ‘तीन चतुर्थांशातून एक चतुर्थांश’ असे पूर्ण म्हणावे लागते आणि कागदाची घडी घातलेली पट्टी त्याच्या हाती द्यावी लागते. या सुधारणा दोघांपुरत्या केलेल्या असल्या तरी अपूर्णांक न उमगलेल्या मागच्या बाकावरील मुलालाही त्याच पट्टीचा उपयोग होतो.

दिव्यांग मुलाला सर्वसाधारण वर्गात आणणारी योजना १९७४ ची, आणि विशेष शिक्षकाच्या पदवीच्या चौकटीत त्या वर्गातील सराव बंधनकारक झाला तो सुमारे चार दशकांनी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने समावेशित शिक्षणाच्या व्याख्येतच अध्यापनपद्धती अनुरूप करण्याची अट घातली; म्हणजेच पाठ टाचणातील ‘विद्यार्थी कृती’ हा एकवचनी रकाना आणि एकेका मुलाचा वैयक्तिक आराखडा हे दोन्ही कागद एकाच छात्राध्यापकाने एकाच तासासाठी लिहावेत, अशी अपेक्षा त्या अटीत अंतर्भूत आहे.