जिलेटिनच्या कांड्या

१. साक्री-पारोळ्याकडच्या काळ्या पाषाणात विहीर खोदताना सुरुंगाला लागत त्या या कांड्या. त्यांचा जोर नायट्रोग्लिसरीनचा. इटलीत सोब्रेरो यांनी १८४७ साली ते प्रथम बनवले. नुसत्या धक्क्याने उडणारे हे तेल नोबेल यांनी सच्छिद्र मातीत जिरवले आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले; जिलेटिन १८७५ चे, त्यात नायट्रोसेल्युलोजही. (आता बहुतेक ठिकाणी पाणीमिश्रित स्फोटके आली आहेत.) कांड्या हाताळल्यावर लेखकाच्या आजोबांचे डोके ठणके, त्याचे कारण लेखक समजतात तसे ऊन नव्हे. नायट्रोग्लिसरीन कातडीतून रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्या सैल करते. हाच गुण हेरून लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ते हृदयशूळावर वापरले. जिभेखालच्या गोळीत ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. ती फुटण्याची भीती मुळीच नाही. पुढे आजोबांच्या खिशात दिसणारी सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, याच कुळातले औषध. दोन्हींपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते; त्या वायूचे रक्ताभिसरणातले काम उलगडणाऱ्या तिघांना १९९८ चे नोबेल मिळाले. आजोबा गोळी उभ्यानेच घेत, तसे कोणी करू नये: रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते.