मालिकेतला हरवलेला भाग

आमच्या गावच्या वाचनालयात ‘फास्टर फेणे’ मला कधीच क्रमाने मिळाला नाही. कपाटात असेल तो भाग घरी न्यायचा, बाकीचे कुणाच्या तरी दप्तरात असायचे. अडायचं काहीच नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे दर पुस्तकात नव्या भानगडीत पडतो, त्यामुळे भा. रा. भागवतांची ही मालिका कुठूनही सुरू करता येते.

त्याआधीच्या पिढीने बाबूराव अर्नाळकर असेच वाचले. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू... हजाराहून अधिक रहस्यकथा! एवढ्या विकत कोण घेणार? वाचनालयाची वर्गणी भरून त्या वाचल्या जायच्या.

1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग ठरले, अनुदान मिळू लागलं. त्याने अनेक वाचनालयं तगली. पण हातोहात फिरणारी पुस्तकं तगली नाहीत. जाडजूड ग्रंथ कोरे राहतात, रहस्यकथांची पानं सुटतात आणि जीर्ण म्हणून त्या नोंदवहीतून कमी होतात. म्हणजे सगळ्यात जास्त वाचलेलंच आधी नाहीसं होतं. उद्या कुणी फक्त कपाटं बघून आपल्या वाचनाचा इतिहास लिहिला, तर तो चुकेल.

गेल्या दिवाळीत बाद पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला फेणेचा एक भाग दिसला. तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली. काकांना विचारून तिचा फोटो काढला. पुस्तक पुन्हा छापलं जाईल, ती चिठ्ठी नाही.