चवदार तळ्यापासून रंगूनपर्यंत

कापड्यात व्याख्यान ठरलं तेव्हा आम्हाला एकानं विचारलं, "विषय कुठला? तानाजी की चवदार तळं?" बरोबरच आहे. एका अंगाला उमरठ, दुसऱ्या अंगाला महाड, मधे आपण. पण आज आपण तळ्यावरून निघून थेट ब्रह्मदेशात जाणार आहोत, तेही बाबासाहेबांच्या मागोमाग.

१९२७ आपल्याला पाठ आहे. २० मार्चला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा मात्र दहा वर्षं रेंगाळला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. आणि गंमत बघा, त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ एप्रिलला, ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. तोवर तो एकाच सरकारखालचा मुलूख. टिळकांना मंडालेला ठेवलं ते त्यामुळेच. रंगून शहरात तर निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची होती.

१९५४ साली बाबासाहेब तिथं दोनदा गेले. मे महिन्यात, आणि मग डिसेंबरात तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेला. मधुमेहानं शरीर खचलेलं होतं. सोबत माईसाहेब आणि डॉक्टर. रंगूनला तेव्हा सहावी धम्मसंगीती चालली होती. पहिली संगीती राजगृहाच्या गुहेत झाली, म्हणून रंगूनकरांनी तिच्यासारखी एक प्रचंड कृत्रिम गुहा बांधून काढली होती. पंतप्रधान ऊ नू स्वतः या कामात पुढे. ज्या धर्माचा भारतात मागमूस उरला नव्हता, तो तिथं रस्त्यावर, घरात, सरकारात नांदत होता. असं दृश्य पाहून दुसरा प्रवासी भारावून परत आला असता.

बाबासाहेबांनी परिषदेत काय सांगितलं? सिंहल आणि ब्रह्मदेश हे बौद्ध देशांत अग्रेसर खरे, पण धार्मिक उत्सवांच्या सजावटीवर तिथं फार पैसा उधळला जातो. तो इतर देशांत धम्म पोचवायला वापरा. पाहुण्यानं यजमानाच्या घरात हे बोलायचं! आम्हाला हे वाचताना दरवेळी आपल्या जयंतीची वर्गणी आठवते. मंडपाला किती, डीजेला किती, आणि पोरांच्या पुस्तकांना उरले किती. इथं बसलेल्यांना आकडे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, म्हणून सांगत नाही.

चार दिवसांच्या प्रवाशाला देश सगळा दिसत नाही, हेही मान्य करू. ब्रह्मदेशात तेव्हा यादवी पेटलेली होती, ती वेगळी कथा. बाबासाहेब एकच प्रश्न घेऊन गेले होते: आपल्या माणसांना हा धम्म कसा द्यायचा? तिथल्या बुद्ध शासन परिषदेला त्यांनी एक टिपण दिलं. भारतात धम्म रुजवायचा तर सामान्य माणसाला समजेल असा एक ग्रंथ हवा, संसारी प्रचारक हवेत, आणि गृहस्थासाठी दीक्षेचा विधी हवा. या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबू या. भिक्खू व्हायचं तर विधी होता. पण शेतावर राबणाऱ्या माणसानं 'आजपासून मी बौद्ध' म्हणायचं तर काय करायचं? ज्यांच्याकडे धर्म बापजाद्यांपासून आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडतो, कारण आपल्याला जुनं घर सोडून यायचं होतं.

रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी देहूरोडला केली, तारीख २५ डिसेंबर १९५४. महाडच्या त्या होळीला बरोबर सत्तावीस वर्षं झाली होती. तारीख मुद्दाम धरली की जुळून आली, यावर आमच्या मंडळींत अजून वाद होतो. बाराशे वर्षांनी बुद्धाची मूर्ती बसवण्याचा मान आपल्या लोकांना मिळाला, असं ते तिथं म्हणाले.

टिपणातला ग्रंथ छापून आला १९५७ साली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', पण तो पाहायला लिहिणारा नव्हता. गृहस्थांची दीक्षा मात्र त्यांनी डोळ्यांदेखत घडवली, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिलं ते कुशीनगरच्या महास्थविर चंद्रमणींनी. हे वृद्ध भिक्खू मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे.